खोली नंबर चौदा

बसा. वही उघडू नका अजून.
पंखा मधल्या रांगेवरच फिरतो, त्याला इलाज नाही.

सेलूच्या या कॉलेजात प्राणिशास्त्र
मागच्या बाजूला, सायकल स्टँडला लागून ठेवलंय,
फॉर्मॅलिनचा वास ऑफिसपर्यंत जाऊ नये म्हणून.
ही कपाटं. ह्या बरण्या.
नानेटी, विंचू, वटवाघळाचं पिल्लू,
आणि सत्तावीस नंबरात कोण आहे ते मलाही माहीत नाही,
तिची चिठ्ठी कसरीनं खाल्ली.
एका प्राण्याचं नाव दुसऱ्या प्राण्यानं खाल्लं,
एवढं मात्र आजच्या तारखेला लिहून ठेवायला हरकत नाही.

व्याख्या पुस्तकात आहे, पान एक.
मी भुजंगाचं सांगते.

नाव सापाचं आणि पोट बेडकांवर.
दर सोमवारी भिजलेलं पोतं खांद्यावर घेऊन
तो या दारात उभा राहायचा, चप्पल बाहेर काढून.
नगाला दोन रुपये.
पाच-पाचची जुडी करून मोजायचा, कोथिंबिरीसारखी,
आणि गळ्याखाली अंगठा फिरवून म्हणायचा,
"ह्यो नर. ह्याची झालर बगा, ताई."
पुस्तकात ते मला दोन वर्षांनी सापडलं.

मेणाचा ट्रे. चार टाचण्या.
कातडीचा आवाज ओल्या कागदासारखा.
आत हृदय, तीन कप्प्यांचं,
सगळं उघडून झालं तरी चालू.
मी एचबी पेन्सिलीनं काढलं, बाण दिले, नावं दिली.
सरांनी लाल शाईत 'सुबक' लिहिलं.
ते चालू होतं, हे कुठं दाखवायचं
याला आकृतीत जागा नव्हती.

पुढं नियम आला. चिरायचं बंद.
भुजंगा त्या सोमवारीही आला, पोतं घेऊन.
"आता कामून नको?"
मी, नवी नवी मास्तरीण, परिपत्रक वाचून दाखवलं.
त्यानं पोतं उचललं, दुधनेच्या वाटेला लागला.
सोडले का विकले, मी विचारलं नाही.
नंतर जिनिंगवर गठ्ठे उचलायचा, असं कानावर आलं.

आणि यंदा ॲडमिशनच्या दिवशी
हे बाड माझ्या टेबलावर.
लाल कापडी पुठ्ठ्याची खातेवही, किराणा दुकानात असते तशी.
डावीकडं पाणी: कुंभाराचा डोह, म्हसोबाचा,
पुलाखालचा, वालूरची बारव.
उजवीकडं आकडे.
एकशे चाळीस. मग नव्वद. मग साठच्या आत.
शाई बदलत गेलीय, अक्षर नाही.
पोतं बंद झाल्यावरही चार पानं भरलेली आहेत.
कुणासाठी, ते लिहिलेलं नाही.
शेवटच्या ओळीत म्हसोबाच्या डोहापुढं शून्य,
दोनदा गिरवलेलं.

या तालुक्यातले बेडूक आणखी कुणी मोजले असतील
तर मला ठाऊक नाही. आम्ही नाही मोजले.
आमच्या जर्नलांत फक्त आतड्यांची लांबी आहे.

बाड आणणारी तिसऱ्या बाकावर बसलीय.
शिवकन्या, उभी राहू नकोस.
"आज्यानं धरले म्हणून संपले का, म्याडम?"
तू विचारलंस, तेव्हा मी कपाशीवरच्या फवारणीचं नाव घेतलं,
वाळू उपशाचं घेतलं.
तेही असेल. पण त्या वहीतले चौदा
माझ्या ट्रेत होते. आणि बाकीचं
मला माहीत नाही, हे तेव्हा म्हणायला हवं होतं.

तर पहिलं प्रॅक्टिकल वालूरच्या बारवेवर, रात्री आठला.
टॉर्चवर लाल कागद बांधा.
पायऱ्या शेवाळल्यात, गुळगुळीत चप्पल नको.
बरणी, जाळी, चिमटा, काहीही आणू नका.
तबस्सुम, तुझ्या अब्बांशी मी बोलते.
वही शिवकन्या आणेल. त्याच वहीत लिहायचंय,
आज्याच्या आकड्यांखाली.
बसायचं आणि ऐकायचं, आवाज मोजायचे.

एकही डराँव आलं नाही
तरी दहापर्यंत कुणी उठायचं नाही.