तिसरा कोपरा

विक्रोळी पार्कसाइटच्या चढावर
भोईटेमावशींपुढे मी गोधडी पसरली.
मधोमध मोर, माझाच,
शिंप्याकडच्या कातरणांतून जमवलेला.

त्यांनी मोराकडे पाहिलंच नाही.
गोधडी उलटी केली
आणि अंगठा काठावरून चालवत नेला,
भिंतीला ओल आलीय का बघावं तसा.

पहिला कोपरा. दुसरा.
तिसऱ्याशी अंगठा थांबला.
"इथं कसली घाई होती गं?"

नळाला पाणी आलं होतं. पण मी बोलले नाही.

"गोट सरळ कापडाचा लावलास.
उरेब काप, वळताना रुसणार नाही.
कोपऱ्याच्या पाव इंच आधी सुई थांबव,
पट्टी वर दुमड, मग खाली आण.
आणि टोकं तिरकी जोड,
नाहीतर गाठ येते, झोपेत हाताला लागते."

घडी घालून आले.
आठ दिवस ती पलंगाखाली, मी तोंड फुगवून.
मोर तर बघायचा होता!

नवव्या रात्री, उगाच, अंधारात
हात घातला खाली.
गाठ लागली.

उसवायला दोन संध्याकाळी गेल्या.
एकदा नळ आला, जाऊ दिला.

परत नेली तेव्हा मावशींनी पुन्हा उलटी केली.
अंगठा फिरला,
कुठं थांबला नाही.
मग गुडघ्यांवर ओढून घेतली
आणि सिलिंडर किती महागला ते सांगत बसल्या.

निघताना मी हात पुढे केला.
"राहू दे दोन दिवस," म्हणाल्या,
"मोर बघायचाय अजून."