अठ्ठेचाळीस इंच

वादळाचं नाव ठेवलंय नोरीन.
माझ्या चुलत सासूचंही हेच नाव.
तीही अशीच, निघाल्याचं कळवायची
आणि कुणाकडे उतरणार ते
दारात उभी राहीपर्यंत सांगायची नाही.

टेर होट, इंडियाना. रात्रीचे दोन.
वेंडेल घोरतोय. "जे व्हायचं ते होईल" म्हणून
माणसं इतकी गाढ कशी झोपतात?
मी फोनच्या उजेडात नकाशा धरून:
समुद्रात एक पांढरा भोवरा,
त्याच्यापुढे रुंद होत गेलेलं फिकट नरसाळं.
त्या नरसाळ्यात अख्खं फ्लोरिडा मावतं
आणि त्यात कुठेतरी, टाचणीच्या टोकाएवढे,
आमचे चार दिवस, तीन रात्री.

पैसे परत मिळणार नाहीत.
बारीक अक्षरं मी तीनदा वाचली.
'दैवी आपत्ती' असा शब्द आहे तिथे.
एरवी देवाला न विचारणारी कंपनी
इथे बरोबर त्याच्याकडे बोट दाखवते.

तीन वर्षं टिपचे पैसे लोणच्याच्या बरणीत टाकले,
ट्रकवाल्यांना अंडी-बटाटे वाढून.
बरणीतल्या नोटांना शेपू-व्हिनेगरचा वास.
बँकेतली मुलगी मोजताना म्हणाली,
"मला भूक लागली."

आणि ही स्वयंपाकघराची चौकट,
पेन्सिलीच्या रेघांनी भरलेली.
कोल्बीला ज्या गाडीत बसायचंय
तिला अठ्ठेचाळीस इंच लागतात.
जूनपासून रोज टाचा भिंतीला टेकवून म्हणतो,
"मोज. लबाडी नको."
गेल्या मंगळवारी भरला.
केसांसकट नव्हे, हाडाने.
तेव्हा त्याने स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवला,
आशीर्वाद दिल्यासारखा.

ईस्टरलाही चर्चला न गेलेली मी
आता थेट वादळाशीच बोलतेय:
नोरीनबाई, जरा डावीकडे वळा.
जरासंच. तुमचं काय जातंय?
मग बोटांनी नकाशा मोठा करते
तर डावीकडे टिंबं,
टिंबांना नावं,
एका नावाशेजारी शाळा, होड्यांचा धक्का,
आईस्क्रीमचं दुकान: रविवारी बंद.
बोट पटकन मागे घेते,
तव्याला लागल्यासारखं.

संध्याकाळी मोटेलला फोन केला होता.
इवेलिस नावाच्या बाईने उचलला, मागे ठोकाठोक.
मी विचारलं, पोहायचा तलाव चालू असेल ना?
ती थोडी थांबली.
"मॅम, तलावात सध्या खुर्च्या बुडवतोय,
उडून कुणाच्या काचेत जाऊ नयेत म्हणून."
मग मला सुचलं, तुमचं घर?
"चाकांवरचं आहे. पण चाकं कधीच विकली."
आणि हसली.
मुलगा केवढा आहे, तिने विचारलं.
वय सांगायचं सोडून मी इंच सांगितले.
"माझ्या यारित्झाला एक कमी," ती म्हणाली,
"पण तिला काय, ती रोज रात्री
ट्रेलरच्या पायरीवर बसून पार्कचे फटाके बघते. फुकट."
नंतर, कुणीतरी हाक मारली तशी घाईत:
"बुकिंग रद्द करू की ठेवू?"

ठेवा म्हणाले मी.
का म्हणाले?
ठेवलं तर जणू तिचं छप्परही राहील,
असं काहीतरी वेडगळ डोक्यात आलं असावं.
खोटं कशाला बोलू, पैशांचंही होतंच.

पाच वाजता नवं बातमीपत्र येईल.
सोफ्यावर बॅगा, वर चार पिवळे रेनकोट,
दीड डॉलरला एक,
फुंकर मारली तरी फाटतील असे.

पावणेपाचला तो अनवाणी खाली आला.
"सरकलं का?"
कुणाकडे, असं विचारणार होते. गिळलं.
तो चौकटीला जाऊन उभा राहिलाय.
सकाळी माणूस थोडा लांब भरतो, त्याला माहीत आहे.
"मोज," म्हणतोय.
फोन टेबलावर पालथा, कडांनी उजळलेला.
मी पेन्सिल शोधतेय.