किलोच्या भावाने

भिशीचे तीन हजार शंभर
रुमालात बांधून निघाले.
सात रस्त्याच्या दुकानात काच होती, एसी होता,
आणि चालायचं मशीन होतं, अठ्ठावीस हजाराचं.
पोरगा म्हणाला, मॅडम, यावर रोज पाच किलोमीटर होतात.
म्हटलं, बाबा, विडीच्या कारखान्यापासून माझं घर तेवढंच आहे,
आणि वाटेत मेथीची जुडीही मिळते.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर औषध लिहिलंच नव्हतं.
नुसतं : वजन उचला. खांदा, पाठ. आठवड्यातून तीनदा.
तीस वर्षं सुपात मान घालून
रोजच्या हजार विड्या.
पानाचं वजन किती, तंबाखूचं किती,
दोऱ्याचं तर काहीच नाही.
हलक्या कामानं खांदा गेला, असं सांगितलं की
गल्लीतले म्हातारे हसतात.

विडीच्या पासबुकाच्या मागच्या पानावर हिशेब मांडला.
रबरी डंबेल, पाच-पाच किलोंची जोडी : बाराशे.
रबर कशाला? तर फरशी फुटू नये.
आमच्या शहाबादीवर पाटा पडलाय, वरवंटा तर चारदा;
फरशी हूं की चूं करत नाही.
रबर खोडलं.
बाक खोडला, लोखंडी पेटी आहे.
ओढायचे रंगीत पट्टे खोडले,
गोवर्धनच्या सायकलीची जुनी ट्यूब खुंटीला आहे.
चटई, सहाशे : खोडली. सोलापुरात राहून अंथरायला विकत?

पहिल्याच दिवशी चादर फरशीवरून सटकली,
मोराची, डबल, आमच्याच पेठेत विणलेली,
आणि मी हनुवटीवर.
चटई पुन्हा लिहिली.

पाण्याच्या कॅनचं शेजारच्या यशोदाक्काचं डोकं.
वीस लिटर म्हणजे वीस किलो, फुकट.
पण नळ आमच्याकडे पाचव्या दिवशी.
पहिल्या दिवशी वीस, दुसऱ्या दिवशी चौदा,
चौथ्या दिवशी मी रिकामं प्लास्टिक डोक्यावर नेत होते
आणि स्वतःला शाबास म्हणत होते.
वजन असं हवं
जे कुणी पिऊन टाकणार नाही.

मग हे बोलले. इतके दिवस पेपरामागे होते.
अक्कलकोट रोडला आमचं शेड तोडतायत, म्हणाले,
उद्या ये.

गॅस कटरनं माग कापत होते. अख्खी रांग आडवी.
मागाच्या मागं, ताणा धरून ठेवायला
लोखंडी वजनं टांगलेली असतात, हे मला
लग्नाच्या सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
ह्यांनी ढिगातून एकेक उचललं,
बोटानं वाजवलं, कानाजवळ नेलं.
ही नको, कडी झिजलीय.
ही घे. सहा.
भंगारवाल्यानं काटा लावला : पाच नऊशे ऐंशी.
ह्यांनी वर पाहिलं नाही.
पुढचं उचललं.

चाळीस रुपये किलो. सव्वीस किलो. हजार चाळीस.
बूट मंगळवार बाजारात साडेसातशे,
दोन्ही एकाच मापाचे निघाले, हे नशीब.
उरले सातशे दहा.
कुठे ठेवलेत ते इथे लिहीत नाही.

आता पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत,
मी गच्चीवर.
घाम पुसायला टॉवेल लागतो म्हणतात;
तेवढा एक खर्च या गावात नाही.
वजनाच्या कडीत निळं सूत अडकलंय, निघत नाही,
मीही फार ओढत नाही.

हे स्टुलावर चहा घेऊन बसतात
आणि तेलुगूत मोजतात.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या बारा.
हे पंधरापर्यंत नेतात.
जॉबर होते ना.
भोंगा झाला तरी
माग थांबवू द्यायचे नाहीत.