दंताळं

मी खेळत नाही. मी वाळू विंचरतो.
बारा मिनिटं झाली की शिट्टी, खेळाडू सावलीला,
आणि आत आम्ही चौघं, अनवाणी, दंताळी घेऊन.
टाचांचे खड्डे, घसरल्याचे ओरखडे,
कुणाचा गुडघा टेकला होता ती वाटी,
सगळं पुसायचं,
आणि मागं मागं चालत बाहेर पडायचं
म्हणजे आपलाही पाय उरत नाही.

ही वाळू आमची नव्हे.
आमची वाळू घरांत गेली.
तीस वर्षं सांतियागोच्या या बाजूला
बायका कंबरभर लाटेत उभ्या राहून
फावड्यानं, पुढं पुढं नुसत्या हातानं,
डोक्यावरच्या टबात भरत राहिल्या;
खारं पाणी कानामागून पाठीवर उतरायचं.
ट्रकवाला डबा हलवून घ्यायचा.
हलवला की वाळू बसते,
अजून एक मूठ मावते.
त्या मुठीचे एस्कुदो कुणी मोजले नाहीत.
प्रायातल्या बँकेच्या जिन्यात आमचा किनारा आहे.
इथं उरले काळे गोटे,
त्यांवर समुद्र रात्रभर भांडी घासतो.

मग स्पर्धा आली. आठ देश. हरला तो घरी.
माइयो बेटावरून बोटी भरून वाळू आली,
चाळलेली, धुतलेली, पिठासारखी.
इसाउरिंदा कुंपणाखालून हात घालून
मूठभर घेऊन जोखत राहिली.
म्हणाली, 'हलकी आहे. हिची भिंत टिकायची नाही.'
तिचा धाकटा झेफेरिनो. पाठीवर सात.

सेनेगलशी चार-चार.
तिसऱ्या डावातला शेवटचा मिनिट,
वारा सुटलेला, झेंडे दोरीला चापट्या मारतायत.
झेफेरिनो गोलकडं पाठ करून हवेत उताणा,
पाय चेंडूला लागणार इतक्यात
उसेनूचा खांदा बरगडीत.
शिट्टी.

या खेळात भिंत उभी करता येत नाही.
आणि ज्याला पाडलं त्यानंच मारायचं:
श्वास लागला असला तरी,
दातांत वाळू करकरत असली तरी,
दुसऱ्याच्या पायावर ढकलता येत नाही.
याला भरपाई म्हणावी की शिक्षा,
पंच सांगत नाही. तो घड्याळ बघतो.

झेफेरिनो गुडघ्यांवर बसला.
चेंडू ठेवायला ढीग करू लागला.
दोन ओंजळी. थोपटलं.
दोन्ही तळव्यांनी ढीग जरा हलवला,
वाळू बसली,
अजून एक मूठ टाकली.
कुंपणापाशी इसाउरिंदा हळूच म्हणाली,
'भरला रे. भरला डबा.'

आधी वाळूच उडाली, पंख्यासारखी,
मग आडव्या दांड्याचा आवाज
गावाच्या पार वरच्या घरापर्यंत.
चेंडू त्यांच्या गोलरक्षकाच्या हाती,
त्याच्या हातून थेट आमच्या टोकाला,
तिथं एक कपाळ.
पाच-चार. चार सेकंद शिल्लक होते,
ती कुणी वापरली नाहीत.

हरला तो घरी. पण आमचं घर तिथंच,
चढावर, निळ्या दारापासून तिसरं.
झेफेरिनो बूट न घालता गेला. बूट होते कुठं?

संध्याकाळी मी तो ढीग पुसला.
वाटलं होतं दंताळं अडेल. अडलं नाही.
इतक्यात कुंपणाबाहेर उसेनू,
हातात थंड भाताचा डबा, काय बोलावं ते माहीत नाही.
त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला.
त्यानं बोटांनी हवेत सात काढला.
मी दंताळं उचलून वर दाखवलं:
तो दिवा. ती बाई गच्चीवर
चड्डी झटकतेय ना, तेच.

तो चढू लागला.
वरून वाळू येतच होती, बारीक, वाऱ्याबरोबर,
त्यानं डोळ्यांवर हात धरला.
उद्या आठ वाजता त्यांचा उपांत्य सामना.
मी मागं मागं चालत बाहेर पडलो.