वरताळा

जानेवारीची एकतीस. रात्री बारापर्यंत खिडकी उघडी,
मग हंगाम संपेस्तोवर कुणी कुणाला देणार नाही, घेणार नाही.
कुडचड्याच्या स्टेशनामागं, क्लबाच्या ऑफिसात,
पंखा बंद, डास चालू,
फळ्यावर कोचनं खडूनं लिहिलेल्या शक्यता.

एक तो कोलकात्याचा पोरगा, लालरेमा,
चौदा सामन्यांत अकरा गोल.
तो आला तर वाचू, म्हणतात. आम्ही तळाला आहोत,
खाली उतरायला पायरीसुद्धा उरलेली नाही.
नाहीतर उसना कुणी, मेपर्यंत,
शेजारून विळी आणावी तसा.
आणखी एक ओळ कोचनं लिहिली,
मग तळहातानं पुसली.
पुसलेलंच सगळे वाचत होते.

प्रभुदेसाय बाब फोनवर. त्यांची खाण चालू होती
तेव्हा असले सौदे अर्ध्या कप चहात मिटायचे.
आता घसा खाकरून म्हणतात, आमचा गोलकीपर घ्या.
पलीकडून आवाज: गोलकीपर ठीक आहे. वर काय?

वर काय.
आई मोड घेऊन जायची सावर्ड्याच्या बाजारात,
पोचे आलेली कळशी, कान तुटलेलं तपेलं.
तांबट काटा धरायचा आणि म्हणायचा,
बाई, वरताळा लागेल.
नोट कनवटीलाच असायची,
पण ती आधी एकदा कळशीकडं बघायची.

बाबांनी फोनवर हात ठेवला.
"रोकाला वर घालूया," म्हणाले.
कोच खिडकीबाहेर बघत राहिला.

रोक बार्रेटो, डावा बचाव, वय तेहतीस,
दहा हंगाम आमच्याकडं, गोल दोन,
त्यातला एक स्वतःच्याच जाळ्यात.
या घटकेला बाहेर पायरीवर बसलाय,
घोटा बर्फात, बर्फ मासळी बाजारातला,
पेटी एस्पेरान्साची, थर्माकोलची.
त्याच्या डाव्या पायाला म्हणून बारमास बांगड्याचा वास.
पोरं म्हणतात, विंगर त्या वासानंच बिचकतात.

मी कारकून. खाणीला कुलूप लागलं तेव्हा
मलाही असंच इकडं धाडलं होतं,
टेबल, दोन खुर्च्या, मी, एकाच चलनावर.
मी सही केली. खुर्च्या मोजून घेतल्या.

अकरा पस्तीस. कागद बाहेर नेला.
तिकडच्यांनी नाव छापलंय "रॉक".
त्यानं ओल्या बोटांनी धरला, दिव्याकडं वळवला.
"हो कोण रे?"
मी म्हटलं, दुरुस्त करायला वेळ नाही.
"मग ह्या रॉकाक धाड," म्हणाला, आणि हसला,
आणि सही मात्र स्वतःची केली, लांबलचक,
शेवटच्या अक्षराची शेपटी चौकटीबाहेर.

अकरा पन्नास. पडद्यावर वर्तुळ फिरतंय.
कोळशाची मालगाडी निघाली, खिडक्या थरथरल्या,
डबे संपता संपेनात.
बाब उभे, कोच उभा, मी बसलेलो,
कारण कळ दाबणारा बसलेलाच असतो.
अठ्ठावन्न. एकोणसाठ.
बारा वाजले तरी वर्तुळ फिरतच होतं,
मग थांबलं, आणि एकच शब्द आला: विचाराधीन.

बाब गाडीत बसून गेले. लालरेमा कुठं असेल,
त्यालाही कुणी जागं ठेवलं असेल का,
हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

रोकानं पेटी उचलली,
मैदानाच्या डाव्या कडेला नेऊन पाणी ओतलं,
जिथं त्याच्या धावण्यानं गवत कधी धरलंच नाही.
पेटी पहाटे परत द्यायची होती, होड्या येतात.
"जालें?" त्यानं विचारलं.
ठाऊक नाही, मी म्हटलं.
तो पेटी झटकत राहिला.
"फाल्यां प्रॅक्टिस कितल्या वरांचेर?"

माझ्याजवळ ह्याचं उत्तर कुठल्याच कागदावर नव्हतं.
सहा, मी म्हटलं.