पुशबटण सात

ऋजुता घारपुरेनं ती स्क्रीन मांडली
पान वाढावं तशी.
डावीकडे मीठ-लिंबाच्या जागी बारकी बटणं,
उजवीकडे भाजीच्या जागी आलेख,
मधोमध भाताच्या मुदीसारखा मोठा आकडा: किलो, न्यूटन.
कोडची एक ओळ लिहिली नाही तिनं.
उचललं, ओढलं, सोडलं.
खिडकी ताणली तर काय ताणेल
आणि काय जागचं हलणार नाही,
तेही ठरवून ठेवलं.

मग ती बाणेरला मोठ्या कंपनीत गेली.
माझ्याकडे पेनड्राइव्हवर एक फाइल राहिली.

पौड रोड, खाली झेरॉक्सचं दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर आम्ही.
मी फाइल नोटपॅडात उघडली.
चित्र नसतंच आत.
नुसते कंस, हा त्याच्या पोटात, तो याच्या,
रुंदी एकशे वीस, उंची चाळीस, रंग हिरवा.
कोड चालता चालता हे वाचतो
आणि खिडकी उभी राहते.
माझ्या मशीनवर
उभी राहिली.

भोसरीत गुरुवारी लाइट नसते,
म्हणून कारखाना बंद,
म्हणूनच आम्हाला वेळ मिळालेली.
जनरेटरवर एक पीसी, एक स्प्रिंग दाबून बघायचं यंत्र,
आणि सुट्टी मोडून आलेल्या इंदूबाई काळोखे,
डबा मांडीवर.

फाइल सापडत नाही, म्हणाला पीसी.
खरंच होतं त्याचं. पत्ता मी माझ्याच घरचा दिलेला:
सी ड्राइव्ह, युजर्स, माझं नाव, डेस्कटॉप, नवीन फोल्डर दोन.
भोसरीत मला कोण ओळखतंय?
पत्ता खोडला. लिहिलं,
तू जिथे आहेस तिथेच शेजारी बघ.

खिडकी आली.
इंदूबाईंनी 'सुरू करा' दाबलं.
परत दाबलं.
मग माझ्याकडे पाहिलं.
"दिसतंय तर बटण."
दिसतंय हो. पण मी मारतोय ती हाक त्याची नाही.
'सुरू करा' हे नुसतं कपाळावर लिहिलेलं,
आत त्याचं नाव पुशबटण अंडरस्कोअर सात.
नाव ठेवायचं राहून गेलं असेल ऋजुताचं,
किंवा सहा खोडून
हे सातवं पटलं असेल.

"माझं शेवंता होतं," इंदूबाई म्हणाल्या,
"तांदळात इंदू लिवलं.
सासूनं इंदू म्हणून हाक मारली
की वर्षभर मीच वळून बघायची,
कोण आलंय."
डब्याचं झाकण त्यांनी लावलं, काढलं, लावलं.
बाहेर जनरेटर गुरगुरत होता.

फाइलमधलं नाव बदलणं रीतसर झालं असतं.
पुस्तकात तसंच सांगतात: नावं अर्थपूर्ण ठेवा.
मी कोडमधली हाक बदलली.
पुशबटण अंडरस्कोअर सात,
आणि पहिल्याच हाकेला
त्यानं ओ दिली.

यंत्राचा दांडा खाली आला. स्प्रिंग दबली.
एक्केचाळीस पूर्णांक सहा.
इंदूबाईंनी तो आकडा वहीतही लिहिला,
पेनानं.
माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही.
वही होती, म्हणून.

रात्री सहज शेवटपर्यंत स्क्रोल केलं.
तीनशे बाराव्या ओळीवर एक लेबल,
दृश्य: नाही.
मजकूर: चहा झाला का?

कुणाला विचारलंय, कळायला मार्ग नाही.
अक्षरांचा आकार बघायला टाकलं असेल,
मग लपवलं, मग विसरली.
फोन करावा म्हटलं. साडेअकरा वाजले होते.

काढलं नाही मी ते.
खिडकी लोड होते तेव्हा तेही लोड होतं,
जागा अडवत नाही, कुणाला दिसत नाही,
रोज सकाळी साडेआठला,
भोसरीत, इंदूबाईंच्या समोर,
गुरुवार सोडून.