जादा वेढा

फोर्तालेझाच्या बाजारात जिन्याखाली माझं दुकान:
एक टेबल, एक पंखा, एक भिंग,
आणि दोन गल्ल्या पलीकडे समुद्र.
तो दिसत नाही, पण खातो.
तांबं खातो, पत्रा खातो, स्क्रूंचे माथे खातो,
बटणांखालचं काळं रबर तेवढं सोडून देतो.
शेजारचे घड्याळवाले त्याला शिव्या घालतात.
मी त्याला भागीदार म्हणते.

सकाळी तेओबाल्दो आला, वय पंधरा-सोळा,
मामाच्या कपाटातला कंट्रोलर घेऊन.
केबल मानेपाशी मोडलेली:
उजवीकडे वाकवून धरली तर पडद्यावरचा गडी धावतो,
सोडली की उभा राहतो भिंतीला नाक लावून.
म्हणाला, "दोना एवानिल्दा, सॉकेट बसवून द्या.
तुटली की काढायची, दुसरी लावायची."
बरोबर आहे पोराचं.
तुटायचंच असेल
तर तुटण्याची जागा आपण ठरवावी.
हे मला लग्नाआधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

शेवटचा स्क्रू गंजून कवचाशी एकजीव झालेला.
तापल्या टोकाने त्याची समजूत काढली,
कवच उघडलं,
आणि हात थांबला.

केबल आत शिरते तिथे, दोन खुंट्यांच्या मध्ये,
ओढ डाखावर येऊ नये म्हणून मारलेली गाठ:
डावीकडून खाली, मग एक जादा वेढा,
शेपूट आत दुमडलेलं.
अशी गाठ अख्ख्या मनाउसमध्ये एकच मुलगी मारायची
आणि तिचा त्यासाठी दोनदा पगार कापला होता.
जादा वेढ्याला चार सेंटिमीटर केबल जास्त जाते,
दिवसाला आठशे कंट्रोलर,
"कर हिशेब," म्हणाला होता सुपरवायझर.
मी केला. बत्तीस मीटर.
आणि गाठ तशीच मारत राहिले.
घरी चार भाऊ होते माझे,
पोरांची ओढ मला ठाऊक होती.

एकोणीस वर्षांची मी, नवव्या खुर्चीवर,
दहावीवर रायमुंदिन्या, डाख देताना श्वास रोखणारी.
शिफ्ट संपली की तो एकदम सोडायची,
दिवसभराचा,
आणि आम्ही नदीकडे चालू लागायचो.
रोज आठशे. खेळलो एकही नाही.
बटणं दाबून बघायचं काम पुढच्या टेबलाचं.
पेट्या बोटीत चढायच्या, बोट वळणाआड जायची,
पुढे कुठे, कुणाच्या हातात,
विचारायची पद्धत नव्हती.

आज गाठ पडली.

सॉकेटला नेमकी गाठीचीच जागा लागते.
तारांचे रंग वहीत लिहून घेतले.
कापली.
खुंट्यांवर कानस फिरवली, सॉकेट बसवलं,
एकेका तारेला डाख दिला, श्वास रोखून.
मीटर वाजला. वाजला. एकदा नाही वाजला.
परत केलं. वाजला.

चारला पोरगा आला. त्याला गाठ दाखवली.
म्हटलं, ही माझी. मी बांधलेली. तू जन्मायच्या आधी.
त्याने ती हातात घेतली, नीट पाहिली,
आणि विचारलं, "मग तुटली कशी?"

"गाठ नाही तुटली," मी म्हटलं,
जरा मोठ्यानेच. घड्याळवाल्याने वळून पाहिलं.
"गाठीच्या बाहेर तुटली."

कंट्रोलर एका खिशात, नवी केबल दुसऱ्या,
तो जिना चढून गेला.
पैसे द्यायला विसरला, परत आला, दिले.

मग मी ती सोडवायला बसले.
नखाने सुटेना. दाताने सुटली.
तार टेबलावर सरळ करून ठेवली,
तर माझ्यादेखत
सावकाश डावीकडून खाली वळली
आणि जादा वेढ्यापर्यंत येऊन थांबली.

तिला खिळ्याला अडकवली.
पुढचा कंट्रोलर उघडला.
यात कुण्या शहाण्याने
डाखाच्या जागी च्युइंगगम लावलं होतं.